आबांची पिकअप आणि तुझी एक सही

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१६ जानेवारी २०२४

अंगद,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण आज ते मनातून येत नाहीत, म्हणून लिहीत नाही. काल संक्रांत झाली. पाकिटात तिळगूळ घालणार होते, पण त्याच्याबरोबर गोड बोलायची अट येते. ती तुला जमायची नाही आणि मला तर अजिबात नाही.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. तुझ्या दाजींचाही केलास, त्या बिचाऱ्या रामप्रसादनं तुझं काय घोडं मारलं होतं ते तुलाच ठाऊक. म्हणून हे पोस्टानं, रजिस्टर करून. पोस्टमन सही घेतल्याशिवाय भोसरीतल्या तुझ्या दारातून हलणार नाही, एवढी सोय मोबाइलमध्ये अजून आलेली नाही.

आता मुद्दा. आबांच्या तेराव्याला तू सगळ्या भावकीसमोर ओरडलास, "ती गाडी भंगारात घाला, नायतर मीच काडी लावतो." पंगत बसलेली होती म्हणून मी गप्प राहिले. आता पंगत उठली, तर ऐक. गाडी भंगारात जाणार नाही. मी ती दुरुस्त करणार आहे. नुसती चालती नाही, १९६४ साली कारखान्यातून बाहेर पडली तशीच्या तशी. आबा जाताना म्हणाले होते, "गाडी सत्यशीलेची." तू तिथं नव्हतास म्हणून सांगते.

गाडी अजून आबांच्याच नावावर आहे. पन्नास वर्षांच्या पुढच्या गाड्यांची आता वेगळी नोंद होते, पण आर.टी.ओ.ला सगळ्या वारसांची संमती लागते. वारस आपण दोघंच. कागद जोडला आहे. खाली पेन्सिलीनं फुली मारली आहे, तिथं सही करायची. घरात पेन नसेल तर कळव, तेही पाठवते.

आणि एक आठवण करून देते. डिसेंबरात वैजापूरच्या कचेरीत मी हक्कसोडपत्रावर सही केली. वाचलंसुद्धा नाही. सगळी जमीन तुझी झाली. तू म्हणालास, "अक्का, तुझा मोठेपणा." चौथ्या दिवशी मी गाडीच्या कागदाचं नाव काढलं आणि तू फोन बंद केलास. माझा मोठेपणा मी परत मागत नाही. तुझा किती आहे तेवढा बघू दे.

सत्यशीला


३ मार्च २०२४

अंगद,

पोचपावती आली, कागद आला नाही. म्हणजे पत्र वाचलंस. ठीक.

गाडी वस्तीवरून हलवली. घरामागच्या बाभळीखाली अठ्ठावीस वर्षं उभी होती. एका बाजूचा टायर मातीत इतका रुतलेला की उकरून काढावा लागला. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती, ती उठायला तयार नव्हती. वस्तीवरचा धोंडिबाकाका म्हणाला, "तिचं बी आता ताबा धरून झालंय, तिची बी संमती घे." निदान कोंबडी समोर बसून भांडली तरी.

तुला वाटत असेल अक्का एकटी काय करणार. ऐक मग. छावणीत दर रविवारी सकाळी जुन्या गाड्यांची वेडी माणसं जमतात. वेडीच म्हणायची. एकजण तर नुसत्या एका हॉर्नसाठी जालन्यापर्यंत जाऊन आला आणि आनंदानं दिवसभर तोच वाजवत बसला. त्यांच्यातले बद्रीनाथकाका एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. मुनाफभाईंचं गॅरेज तिथंच छावणीत आहे, आपली गाडीही आता तिथंच आहे, त्यांचे वडील लष्कराच्या जीपा दुरुस्त करायचे. आणि आप्पासाहेब म्हणून एक बागायतदार आहेत गंगापूरकडचे, त्यांच्याकडे पाच विलीज जीपा आहेत. त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "गाडी तयार झाल्यावर चालवणार कोन? तुमचे मालक?"

त्यांची जीप गॅरेजच्या बोळात उभी होती, चावी लावलेली. मी चढले आणि रिव्हर्समध्ये त्या बोळातून एका दमात बाहेर काढली, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा असताना. बारा वर्षं शाळेची व्हॅन चालवते मी, वीस पोरं मागं कलकलत असतात. आप्पासाहेबांनी खाली उतरल्यावर हात जोडले आणि त्याच दिवशी गिअरबॉक्स देतो म्हणाले. बाकीचे अजून त्यांना चिडवतात.

यांची एक पद्धत आहे. गाडीचा एकही नट सोडवायच्या आधी तिची हकीकत लिहायची. कुणी घेतली, कशाला वापरली, आणि शेवटी का थांबली. मुनाफभाई म्हणतात, कारण समजल्याशिवाय बंद गाडी उघडणारा मेकॅनिक नसतो, खाटीक असतो. मी सांगत गेले, बद्रीनाथकाका वहीत लिहीत गेले. आबांनी १९८५ साली इथंच छावणीत, लष्कराच्या लिलावात घेतली. सगळ्या धनगरवाड्यांची बिऱ्हाडं घोड्यांवर चालायची, आपलं एकट्याचं पिकअपवर. मागच्या हौद्यात कोकरं, मेंढ्या कोंडायची वाघरीची जाळी, भांडी आणि आपण दोघं.

"और बंद काय कू हुई, बाजी?" मुनाफभाईंनी विचारलं. मला ते बाजी म्हणतात, म्हणजे ताई.

"पेट्रोल संपलं होतं," मी म्हणाले.

बद्रीनाथकाकांनी लिहून घेतलं. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाले, "पेट्रोल संपलं तर भरून चालू करतेत ना ताई. अठ्ठावीस वर्षं उभी का करतेत?"

पुढचं मी सांगितलं नाही. ते घरातलं आहे.

दुसरा कागद जोडला आहे. पहिला हरवला असेल असं मी समजते. तू मुद्दाम केलं नसशील.

अक्का


२६ मे २०२४

अंगद,

काल मोनिकाचा फोन आला. हळू आवाजात बोलत होती, म्हणजे तू घरात होतास. म्हणाली, "अक्का, हे म्हनतेत, ज्या गाडीत माय गेली ती गाडी रंगवून मिरवायची म्हणजे मायला परत मारायचं." बायकोच्या तोंडून का होईना, दहा वर्षांत तू पहिल्यांदा मायचं नाव काढलंस.

मग आता मीही काढते. तू चौदा वर्षांचा होतास म्हणून सगळं तुझंच, असं नाही. मी सतरा वर्षांची होते आणि त्याच गाडीत होते.

वैशाखातलं ऊन. गंगापूरच्या पलीकडं एका शेतात आपल्या मेंढ्या बसवल्या होत्या. माय वाघरीची खुंटी उपटायला गेली आणि सापानं हाताला धरलं. आबांनी तिला उचलून हौद्यात ठेवलं, तुझ्या मांडीवर डोकं दिलं. मी पुढं आबांच्या शेजारी. चारेक किलोमीटर गेलो असू. गाडी खोकली, धक्के खाल्ले आणि बंद पडली. तू उतरून ढकलत होतास. पायातली चप्पल तुटली तरी ढकलत होतास, ते मी आरशात बघितलं. आबा रस्त्यानं पळत गेले. काळीपिवळी जीप घेऊन आले तेव्हा तास झाला होता. दवाखाना गाठायच्या आधीच माय गेली.

दहाव्याला आबा पारावर उभे राहिले आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "पेट्रोल भरायचं राहिलं. चूक माझी हाय." आणि बसले. त्यानंतर त्या गाडीला त्यांनी हात लावला नाही. तू त्यांना जे बोललास ते मी लिहिणार नाही, कागद खराब होईल. अठराव्या वर्षी घर सोडलंस ते सोडलंसच. दिवाळी नाही, फोन नाही, ते दवाखान्यात होते तेव्हाही नाही. सरणाला आलास तेवढंच.

बाप होता तो, अंगद. एकदा पेट्रोल भरायला विसरला. तू आयुष्यात काहीच विसरला नाहीस का? ती गाडी म्हणजे मायचा मारेकरी नाही. माय त्याच गाडीत हसायची, हौद्यात कोकरू मांडीवर घेऊन, पदर वाऱ्यावर. ते मला परत बघायचं आहे आणि तू मला अडवू शकत नाहीस.

काम जोरात आहे. इंजिन खाली उतरवलं. रंगाखालचा रंग मिळाला, मूळचा हिरवा, बद्रीनाथकाकांनी पितळेची नाणी घासावी तसा अंगठ्यानं घासून दाखवला. पुढच्या महिन्यात पेट्रोलची टाकी काढणार.

सही अजून बाकी आहे. तिसरा कागद.

अक्का


७ जुलै २०२४

अंगद,

टाकीचं काम झालं. सांगण्यासारखं विशेष काही नाही. पाऊस आहे. व्हॅनचे वायपर बदलले.

मोनिकाला सांग की तब्येत बरी आहे माझी, उगाच काळजी करू नये.

सत्यशीला


११ ऑगस्ट २०२४

अंगद,

सोबत राखी आहे. बांधायची की नाही ते पत्र वाचून ठरव.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. सांगण्यासारखं होतं आणि माझी छाती झाली नाही. महिनाभर घालवला. आता लिहिते, मधेच थांबले तर परत लिहिता येणार नाही म्हणून एका बैठकीत.

मुनाफभाईंनी टाकी उतरवली आणि वरून कापून उघडली. आतून तांबूस थर होता, वाळलेल्या डिंकासारखा, आणि तो बरोबर अर्ध्या टाकीपर्यंत एका रेषेत होता. बद्रीनाथकाकांनी बोट लावून दाखवलं. "ताई, उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं, पन खूण ठेवून जातं. ही गाडी थांबली तवा अर्धी टाकी भरलेली होती."

म्हणजे पेट्रोल संपलं नव्हतं.

मग मुनाफभाईंनी टाकीतून इंजिनकडं जाणाऱ्या नळीत हवा मारली. जाईना. तारेचा आकडा करून आत घातला आणि ओढला, तर बोटभर लांब काळा गोळा निघाला. त्यांनी तो चोळून बघितला. "ये तो ऊन है. चूहे का घर?"

मी म्हणाले, "उंदराचंच असेल."

उंदराचं नव्हतं. ते ऊन म्हणजे आपल्या काळ्या मेंढीची लोकर होती, पिंजलेली, आणि तिला चिंचोक्याची खळ लावलेली होती. आपण घोंगड्याला लावतो तशी. टाकीचं झाकण हरवलं होतं, कसं ते सोड, आणि मी लोकरीचा बोळा करून खळ लावून वाळवून टाकीच्या तोंडात घट्ट बसवला होता. आपल्याकडं गळतं म्हटलं की लोकर, फाटलं म्हटलं की लोकर, जखम झाली तरी लोकर. मला काय अभिमान वाटला होता त्या बोळ्याचा! झाकणापेक्षा घट्ट बसतो म्हणून मायला दाखवला होता. दोन महिने गाडी खड्ड्यांतून आपटत राहिली, खळ सुटत गेली, लोकरीचे पुंजके टाकीत पडत गेले आणि त्या दिवशी नेमके नळीत जाऊन बसले.

मायला मी मारलं असं मी म्हणणार नाही. सापानं मारलं. पण गाडी मी थांबवली.

दुसऱ्या दिवशी व्हॅनची सुट्टी टाकली आणि वस्तीवर गेले, धोंडिबाकाकाकडं. गाडी त्या दिवशी बैल लावून त्यानंच ओढून आणली होती. मी काही विचारायच्या आधीच माझं तोंड बघून तो खाटेवर उठून बसला.

"सापडलं व्हय?" म्हणाला.

"तुला ठावं होतं काका?"

"कडूबानं, तुझ्या बापानं, माझ्यापुढंच टाकीत हात घातला. लोकर निघाली. अर्धी टाकी पेट्रोल. ती लोकर त्यानं मुठीत धरली. मग म्हनला, धोंड्या, तू काय पाह्यलं नाय. पोरीचं लगीन व्हायचंय. आईला खाल्लं म्हनून गाव बोट दावील तिच्याकडं. मी म्हनलं, मंग सांगशील काय? तर म्हनला, माझं नाव सांगीन. माझं काय वाकडं व्हतंय."

काय वाकडं झालं ते आपण दोघांनी बघितलं. पोटचा पोर चोवीस वर्षं तोंड बघेना. त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही. मी त्यांच्या औषधांचे डबे भरत होते, पाय दाबत होते, आणि ते मला म्हणायचे, "अंगदला काय बोलू नको, तो बरोबर हाय." मला वाटायचं, म्हातारपण आलंय.

आता तुला एक खरं सांगते, हे धोंडिबाकाकालाही सांगितलं नाही. बोळा मला आठवत होता. अधूनमधून इतकी वर्षं आठवायचा. आबा पेट्रोल म्हणाले आणि मी ते पटकन धरलं, कारण ते मला परवडत होतं. गाडी दुरुस्त करायचं वेड घेतलं ते आबांना सोडवायला घेतलं, असं मला वाटत होतं. त्यात मी अडकेन असं वाटलं नव्हतं.

आबांवर जेवढा राग धरलास तो सगळा उचल आणि इकडं पाठव. माझा पत्ता पाकिटामागं आहे. पण आबांना दिलेले शब्द परत घे. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

अक्का


६ ऑक्टोबर २०२४

अंगद,

दोन महिने झाले. राखीची पोच नाही, शिवी नाही, काही नाही. मोनिकाचाही फोन नाही. तू गप्प बसून मला शिक्षा देतोस असं समजू नकोस, आबांकडून मी गप्प बसणं चांगलं शिकले आहे आणि आता ते सोडायचं ठरवलं आहे.

गाडी सुरू झाली. मागच्या रविवारी, सकाळी नऊच्या सुमाराला. टाकी नवी बनवली, नळ्या नव्या तांब्याच्या, बाकी इंजिन तेच. छावणीतली सगळी मंडळी जमली होती. पहिल्यांदा नुसता धूर, दुसऱ्यांदा एवढा मोठा आवाज की शेजारच्या पिठाच्या गिरणीतून माणसं बाहेर आली. तिसऱ्यांदा लागली. थरथरत, पण लागली. आप्पासाहेब एवढे बागायतदार माणूस, रडायला लागले. मुनाफभाई त्यांना म्हणाले, "अरे साहब, आपकी गाडी थोडी है." तर म्हणाले, "म्हणून तर रडाया येतंय, माझी पाचवी जीप अजून लागत नाय."

मी नाही रडले. मी स्टिअरिंग धरून बसले होते आणि मला फक्त रस्ता पाहिजे होता. पण रस्त्यावर नेता येत नाही, कारण एका माणसाची सही नाही.

डिसेंबरात त्यांचा मेळावा आहे. प्रत्येक गाडीपुढं तिच्या हकीकतीचा फलक लावतात. बद्रीनाथकाकांनी वही काढली. "शेवटी का थांबली" या रकान्यात पेट्रोल खोडून त्यांनी उंदीर लिहिला होता, माझ्याच सांगण्यावरून. मी म्हणाले, "काका, उंदीर खोडा." आणि सगळं सांगितलं, उभ्या-उभ्या, सगळ्यांसमोर. सांगून झालं. बद्रीनाथकाका पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. शेवटी मुनाफभाईच म्हणाले, "तो बोर्ड पे क्या लिखना, बाजी?"

"ऊन लिखो," मी म्हणाले. "और मेरा नाम."

आणि काही झालं नाही बघ, अंगद. कुणी बोट दाखवलं नाही. आप्पासाहेबांनी चहा मागवला. एवढ्यासाठी आबा अठ्ठावीस वर्षं मान खाली घालून चालले.

घरी येऊन तुझ्या दाजींनाही सांगितलं. रामप्रसाद जेवत होते. हातातला घास खाली ठेवला आणि मलाच रागावले, "मंग तवाच सांगायचं ना. मी काय लगीन मोडलं असतं?" दिवसभर बोलले नाहीत. मायमुळं नाही, मी लपवलं म्हणून.

नोव्हेंबरच्या सतरा तारखेला, रविवारी, आबांचं वर्षश्राद्ध आहे. ज्या पारावर आबा उभे राहून स्वतःचं नाव सांगून बसले, तिथंच मी उभी राहणार आहे. गावाला सांगणार आहे. तुला आधी कळवते आहे, परवानगी मागत नाही.

चौथा कागद जोडत नाही. मन असेल तर जुने तीन आहेत तुझ्याकडं.

अक्का


९ नोव्हेंबर २०२४

अंगद,

मंगळवारी तुझं पाकीट आलं. संमतीपत्र, खाली तुझी सही, फुली मारली होती अगदी त्याच जागी. दहा महिने ज्या सहीसाठी पोस्टाच्या पायऱ्या चढले ती हातात आली आणि मी अंगणातूनच तुझ्या दाजींना हाक मारली. रामप्रसाद म्हणाले, "झालं, आता पेढे आन." मग आतली चिठ्ठी निघाली.

"अक्का, गाडी तुझी. पण श्राद्धाला लोकरीचं काय बोलू नको. सृष्टीची सोयरीक चालू हाय. लोक काय म्हणतील."

मी ती चिठ्ठी कितीदा वाचली विचारू नकोस. पोरीचं लग्न. अरे, हेच शब्द! आबांनी हेच म्हणून धोंडिबाकाकाचं तोंड बंद केलं. माझ्या लग्नासाठी या घरानं एक माणूस जिवंतपणी पुरला. आता सृष्टीच्या लग्नासाठी तो मेल्यावरही वर काढायचा नाही, असं तू मला सांगतोस. मी तिची आत्या आहे. तिच्या अक्षतांना माझ्या बापाची बदनामी लावू देणार नाही.

आणि खरं सांगू? सृष्टी निमित्त आहे. माझं ऑगस्टचं पत्र वाचून तू तीन महिने गप्प का बसलास ते मला कळलं. मी लिहिलं होतं, झाकण हरवलं होतं, कसं ते सोड. मी सोडलं होतं. तुला सोडता आलं नाही.

तू तेरा-चौदा वर्षांचा. तहान लागली म्हणून टाकीचं झाकण काढून घेतलंस, वाटीसारखं, आणि विहिरीत वाकून पाणी घेताना हातातून निसटलं. गाडीच्या मागं लपून रडत होतास, आबा चाबकानं फोडतील म्हणून. मी म्हणाले, "गप, मी करते काहीतरी." आणि लोकर पिंजायला बसले. तुला वाचवायला मी बोळा केला, मला वाचवायला आबांनी पेट्रोल केलं, आणि तू ज्यांच्याकडं पाठ केलीस ते आबा एकटेच होते ज्यांचा यात काहीही दोष नव्हता.

हे तुला दुखवायला लिहीत नाही. दुखणारच, पण त्यासाठी नाही. तू पोर होतास आणि मीही पोरच होते. त्या दिवशी त्या गाडीत मायशिवाय मोठं माणूस एकच होतं, म्हणून सगळं त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. आज आपण दोघं त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ आलो आहोत. आता तरी आपापलं उचलायला काय हरकत आहे?

तुझी सही परत पाठवते आहे. फाडली नाही, घडीही मोडली नाही. या भावात मला गाडी नको. माझ्या तोंडाला कुलूप लावून मिळणारी गाडी बाभळीखाली उभी राहिली तरी चालेल, तिथं कोंबडी तरी खूश राहील.

सतरा तारखेच्या रविवारी पारावर मी माझ्या वाट्याचं बोलणार आहे. लोकर माझी, बोळा माझा, चूक माझी, आबांची नव्हे. झाकणाचं एक अक्षर बोलणार नाही. ते माझं नाही. ते सांगायचं असेल तर तुला यावं लागेल, आबांच्या फोटोपुढं उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगावं लागेल. त्यानंतर हाच कागद माझ्या हातात दिलास तर घेईन. नाही आलास तर गाव तुला काही विचारणार नाही, कारण गावाला ठाऊकच नाही. ते ठाऊक फक्त तुला आणि मला राहील.

मी बोलणार दहा वाजता. पंगत बाराला आहे. नुसतं जेवायला यायचं असेल तर येऊ नकोस.

तुझी अक्का,
सत्यशीला